विहीर एक, मोटारी दोन: लोहातलं चुंबकत्व आणि अतिसंवाहकता

लँथेनम हा धातू सुमारे ६ केल्विनला, म्हणजे उणे २६७ अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिसंवाहक होतो. त्यातून वीज वाहताना रोध शून्य होतो. १९५८ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बर्न्ड मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लँथेनममध्ये वेगवेगळे धातू चिमूटभर मिसळून पाहिले. गॅडोलिनियमसारखा चुंबकी अणू शंभरात एकाच्या आसपास गेला, की अतिसंवाहकता जवळजवळ संपायची. चुंबकत्व नसलेला धातू तेवढाच मिसळला तर फारसं काही बिघडत नव्हतं.

मॅथियास म्हणजे नवे अतिसंवाहक शोधण्यातले वस्ताद. त्यांच्या नावावर काही अनुभवाचे नियम सांगितले जातात: ऑक्सिजनपासून लांब राहा, चुंबकत्वापासून लांब राहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिद्धान्तवाल्यांपासून लांब राहा. यातला ऑक्सिजनचा नियम १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांनी मोडला. चुंबकत्वाच्या नियमालाही त्यांनीच तडा दिला होता, पण त्याची खरी परीक्षा लोखंडाने घेतली. चुंबक म्हटल्यावर पहिलं नाव आठवतं ते लोखंडाचंच. ते घालून कोणी अतिसंवाहक बनवायला बसेल ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. म्हणून २००८ च्या फेब्रुवारीत टोकियोहून बातमी आली, की लोह आणि आर्सेनिकच्या एका संयुगात २६ केल्विनला अतिसंवाहकता सापडली आहे, तेव्हा या क्षेत्रातली माणसं खडबडून जागी झाली.

तेव्हापासून या पदार्थांवर जे काम झालं, त्यातून मला दिसणारी मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. चुंबकत्व इथे दोन तऱ्हांनी वागतं. गोठून पक्कं बसलेलं चुंबकत्व अतिसंवाहकतेच्या आड येतं. तेच विरघळायला लागलं की मागे जी चुळबुळ उरते, ती बहुधा अतिसंवाहकता घडवते. ‘बहुधा’ मुद्दाम लिहिलंय, त्याचं कारण पुढे येईल.

जोड्यांचं आणि चुंबकाचं का जमत नाही

अतिसंवाहकता प्रथम दिसली १९११ मध्ये, लायडनला, हाइक कामरलिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत, ४.२ केल्विनपर्यंत थंड केलेल्या पाऱ्यात. ती का होते हे कळायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी सांगितलं की थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात. दोन्ही इलेक्ट्रॉन ऋणभाराचे, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. मग जोडी जमते कशी? एक इलेक्ट्रॉन धातूच्या जाळीतून जाताना आजूबाजूचे धनभारित अणू किंचित त्याच्याकडे ओढले जातात. अणू जड आणि सुस्त, त्यामुळे इलेक्ट्रॉन पुढे निघून गेला तरी ते क्षणभर तसेच जवळ राहतात. त्या जागी धनभार थोडा दाटतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे खेचला जातो. म्हणजे जोडणारा डिंक अणूंच्या थरथरीतून येतो. अशा असंख्य जोड्या मिळून एकच सामूहिक अवस्था तयार होते. एखादी जोडी तोडायला ठरावीक ऊर्जा लागते, आणि थंडीत तेवढी ऊर्जा कुठून मिळत नाही, म्हणून वाटेतल्या अडथळ्यांवर आपटून प्रवाह विस्कटत नाही.

आता यात चुंबकत्व कुठे आडवं येतं ते पाहू. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. त्या गुणधर्माला स्पिन म्हणतात आणि त्याच्या दोनच दिशा धरू: वर आणि खाली. नेहमीच्या जोडीत एकाचा स्पिन वर असतो, दुसऱ्याचा खाली. साधा परका अणू वाटेत आला तर दोघांनाही सारखाच अडवतो, त्यामुळे जोडी शाबूत राहते. चुंबकी अणू मात्र वरच्या स्पिनला एक वागणूक देतो आणि खालच्याला उलट. जोडीतल्या दोघांचा ताळमेळ तिथेच सुटतो. मॅथियास यांच्या लँथेनममध्ये गॅडोलिनियमने हेच केलं होतं.

खुद्द शुद्ध लोखंडही या नियमाला धरूनच वागतं. २००१ मध्ये जपानमधल्या गटाने लोखंडावर १५ ते ३० गिगापास्कल दाब दिला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड ते तीन लाख पट. त्या दाबाखाली लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते आणि नेहमीचं चुंबकत्व नाहीसं होतं. तेव्हा कुठे ते २ केल्विनच्या खाली अतिसंवाहक झालं.

अपवाद होते, आणि त्यातला एक मुंबईचा आहे. १९९४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांना यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन या चार मूलद्रव्यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता सापडली. निकेल हाही चुंबकी घराण्यातलाच धातू. पुढे यिट्रियमच्या जागी एर्बियम किंवा होल्मियम घातलं तेव्हा मजा आली. एर्बियमच्या संयुगात सुमारे ११ केल्विनच्या खाली अतिसंवाहकता येते, ६ केल्विनच्या आसपास चुंबकी रचनाही बसते, आणि दोन्ही सुखाने एकत्र राहतात. होल्मियमच्या संयुगात ८ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता येते, ५ केल्विनच्या जवळ चुंबकी रचना बदलत असताना ती जवळजवळ नाहीशी होते, आणि आणखी थंड केलं की परतते. पण या सगळ्यात एक सोय होती. चुंबकत्व होल्मियम-एर्बियमच्या आत खोल दडलेल्या इलेक्ट्रॉनांचं, तर वीज वाहणारे इलेक्ट्रॉन मुख्यतः निकेलच्या थरातले. दोन कामांना दोन वेगळे गट. लोहाच्या पदार्थांत ही सोय नाही, आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

टोकियोचा फेब्रुवारी

हिदेओ होसोनो टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पारदर्शक अर्धसंवाहकांवर काम करत होते. इंडियम, गॅलियम आणि जस्ताच्या ऑक्साइडपासून पडद्यासाठी ट्रान्झिस्टर बनवण्याचं त्यांच्या गटाचं काम त्याच काळातलं. आज कितीतरी टीव्ही-टॅबलेटच्या पडद्यांमागे ते आहे. लँथेनम, ऑक्सिजन आणि एखादा धातू यांच्या थरांच्या संयुगांत निरनिराळे धातू घालून पाहताना त्यांनी लोह घातलं. २००६ मध्ये लोह-फॉस्फरसच्या संयुगात सुमारे ४ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. एवढ्या कमी तापमानाचं कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. मग फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घातलं आणि ऑक्सिजनचे काही अणू काढून फ्लोरिन भरलं. पारा सरकला थेट २६ केल्विनवर.

पुढचे दोन-तीन महिने म्हणजे शर्यतच. दाब दिल्यावर तेच संयुग ४३ केल्विनपर्यंत गेलं. चीनमधल्या गटांनी लँथेनमच्या जागी सिरियम, प्रासिओडिमियम, सॅमॅरियम असे त्याचे भाऊबंद घालून पाहिले आणि सॅमॅरियमने ५५ केल्विन गाठलं. म्युनिकमध्ये बेरियम-लोह-आर्सेनिकच्या साध्या संयुगात बेरियमच्या काही जागी पोटॅशियम घालून ३८ केल्विन मिळालं. तैवानमध्ये माऊ-क्वेन वू यांच्या गटाला आर्सेनिकही नको असलेलं लोह-सेलेनियम सापडलं, ८ केल्विनचं. हे सगळं एकाच वर्षात. द्रव नायट्रोजनने जेवढं थंड करता येतं ते ७७ केल्विन मात्र यातल्या कोणालाही गाठता आलेलं नाही, हेही इथेच सांगून टाकावं. तांब्याची ऑक्साइडं त्या बाबतीत अजून पुढे आहेत.

या सगळ्या पदार्थांत एक भाग समान आहे. लोहाचे अणू सपाट चौरस जाळीत बसलेले, आणि आर्सेनिक (किंवा सेलेनियम) आळीपाळीने जाळीच्या वर आणि खाली. त्यामुळे प्रत्येक लोहाभोवती चार आर्सेनिकांचा चतुष्फलक तयार होतो. या चतुष्फलकाचा कोन १०९.५ अंशांच्या, म्हणजे सुबक चतुष्फलकाच्या, जितका जवळ, तितकं अतिसंवाहकतेचं तापमान साधारणपणे जास्त, असं अनेक संयुगांची तुलना केल्यावर दिसलं. दोन लोहांमधलं अंतर सुमारे २.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). साध्या लोखंडात ते अडीचच्या आसपास असतं. म्हणजे इलेक्ट्रॉन एका लोहावरून दुसऱ्यावर सरळही उडी मारू शकतात आणि आर्सेनिकवरून वळसा घालूनही. लोहाचे पाचही बाहेरचे ऑर्बिटल, म्हणजे अणूभोवती इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागा, त्यात भाग घेतात. तांब्याच्या ऑक्साइडांत एकाच ऑर्बिटलवर बहुतेक काम भागतं. इथे पाच असल्याने हिशेब पाचपट नव्हे, कितीतरी जास्त किचकट होतो.

बेरियम-लोह-आर्सेनिकची अणुरचना ज्या साच्याची आहे, त्याच साच्यात कार्बन खुपसला की कुलाब्याच्या निकेल-बोरॉन संयुगांची रचना मिळते. रसायनशास्त्राला काही साचे फार आवडतात, हेच खरं.

पट्ट्यापट्ट्यांचं चुंबकत्व

काहीही न मिसळलेलं मूळ बेरियम-लोह-आर्सेनिक अतिसंवाहक नसतं. तो एक सुमार दर्जाचा धातू आहे. थंड करत नेलं की १४० केल्विनच्या आसपास त्यात दोन गोष्टी घडतात. चौरस जाळी किंचित ताणून आयताकृती होते, आणि लोहाचे स्पिन एका शिस्तीत बसतात. शिस्त अशी: एका दिशेने शेजारी-शेजारी स्पिन उलटसुलट, वर-खाली-वर-खाली, तिच्या काटकोनात मात्र सगळे एकाच दिशेचे. म्हणजे पट्टे. एक पट्टा वरचा, पुढचा खालचा. बेरीज शून्य येते, त्यामुळे असा स्फटिक टाचणीही उचलणार नाही. पण आत चुंबकत्व ठासून भरलेलं असतं.

बाहेरून शून्य दिसणारं हे चुंबकत्व मोजलं कसं? न्यूट्रॉनांनी. न्यूट्रॉनाला विद्युतभार नसल्याने तो पदार्थात खोलवर जातो, आणि तो स्वतः छोटा चुंबक असल्याने स्पिनांची मांडणी त्याला ‘दिसते’. अणुभट्टीतून आलेला न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकावर सोडतात आणि ते कोणकोणत्या कोनांत विखुरतात ते पाहतात. अणूंच्या जाळीमुळे काही ठरावीक कोनांत ठिपके दिसतात. चुंबकी शिस्त बसली की त्या ठिपक्यांच्या मधोमध नवे, मंद ठिपके उगवतात, कारण स्पिनांचा नमुना दर दोन अणूंनी पुन्हा येतो, एकेका अणूने नाही. २००८ मध्येच क्लॅरिना डे ला क्रूझ, पेंगचेंग दाई आणि सहकाऱ्यांनी लँथेनमच्या मूळ संयुगात असे ठिपके पकडले. जाळी १५० केल्विनच्या थोडं वर वाकडी होते आणि १३७ केल्विनच्या आसपास पट्टे बसतात, असं दिसलं. फ्लोरिन मिसळून अतिसंवाहक केलेल्या नमुन्यात ते ठिपके नव्हते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा. साध्या लोखंडात दर अणूमागे चुंबकत्व सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक) असतं. बेरियम संयुगात ते ०.९ च्या जवळ, आणि लँथेनमच्या संयुगात पहिल्या मोजणीत त्याच्याही निम्म्याहून कमी आलं. नुसता हिशेब मांडला तर याहून बरंच मोठं उत्तर येतं. म्हणजे स्पिन आहेत, पण ते पूर्णपणे एका जागी खिळलेले नाहीत. काही अंशी ते वाहत्या इलेक्ट्रॉनांचेच आहेत.

एकाच विहिरीवर

मुद्दाम थोडे परके अणू मिसळणं, ज्याला डोपिंग म्हणतात, ते या पदार्थात अनेक वाटांनी करता येतं. बेरियमच्या जागी पोटॅशियम घाला, इलेक्ट्रॉन कमी होतील. लोहाच्या जागी कोबाल्ट घाला, इलेक्ट्रॉन वाढतील. आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस घाला, इलेक्ट्रॉन तेवढेच राहतील, फक्त अणू लहान असल्याने जाळी आवळली जाईल. किंवा काहीच न मिसळता नुसता दाब द्या. चारही वाटांनी एकच घडतं: पट्ट्यांचं चुंबकत्व कमजोर होत जातं, ते बसण्याचं तापमान उतरत जातं, आणि ते संपायला आलेलं असतानाच अतिसंवाहकता डोकं वर काढते. तिचं तापमान सगळ्यात जास्त कुठे? चुंबकत्व मावळतं त्याच्या आसपास. कोबाल्टच्या बाबतीत साधारण ६ ते ७ टक्क्यांना, सुमारे २४ केल्विन. फॉस्फरसच्या बाबतीत ३० टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ ३० केल्विन.

यात कोबाल्टची वाट सगळ्यात नवलाची. कोबाल्ट हा स्वतः चुंबकी धातू, आणि तो घातला जातो तो ज्या थरातून वीज वाहते नेमका त्याच थरात. जुन्या नियमाने अतिसंवाहकतेचा खेळ खलास व्हायला हवा होता. इथे कोबाल्ट घातल्यानेच ती आली. थरात गडबड होते त्याची किंमत मात्र मोजावी लागते: पोटॅशियम थराबाहेर बसतं, त्याला ३८ केल्विन मिळतात, कोबाल्टला २४.

आता मधला टप्पा पाहू, जिथे चुंबकत्व पुरतं गेलेलं नाही आणि अतिसंवाहकताही आली आहे. आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेत ४.७ टक्के कोबाल्ट असलेला स्फटिक न्यूट्रॉनांखाली ठेवून हळूहळू थंड केला. ६० केल्विनला जाळी वाकडी झाली. ४७ केल्विनला पट्टे बसले. तापमान आणखी खाली नेलं तसा चुंबकी ठिपका उजळत गेला, जसा जायला हवा. १७ केल्विनला अतिसंवाहकता सुरू झाली, आणि त्या क्षणापासून ठिपका मंद व्हायला लागला. थंडी वाढतेय आणि चुंबकत्व घटतंय, हे उलटंच. जाळीचंही तेच. क्ष-किरणांनी पाहिल्यावर अतिसंवाहकता येताच आयताचा वाकडेपणा कमी होताना दिसला, ६.३ टक्के कोबाल्टच्या नमुन्यात तर वाकडी झालेली जाळी खाली जाऊन पुन्हा चौरस झाली.

एका विहिरीवर दोन भावांच्या मोटारी असतात तसं हे आहे. धाकट्याने बटण दाबलं की थोरल्याच्या पाइपातली धार बारीक होते. पाणी वेगळं असतं तर एकाच्या चालू-बंदचा दुसऱ्यावर काही परिणाम झाला नसता. इथलं पाणी म्हणजे लोहाच्या थरातले तेच ते इलेक्ट्रॉन. ते पट्ट्यांत अडकले तर जोड्यांना कमी पडतात, जोड्यांत गेले तर पट्ट्यांना. कुलाब्याच्या एर्बियम संयुगात दोन्ही गुण सुखाने नांदले, कारण तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन वेगळे होते.

मग स्फटिकाच्या काही भागात चुंबकत्व आणि काही भागात अतिसंवाहकता, अशी वाटणी तर झालेली नसेल? ही शंका रास्त आहे. आर्सेनिकच्या अणुकेंद्रकांकडून माहिती घेणाऱ्या एनएमआर प्रयोगांनी कोबाल्टवाल्या स्फटिकात दाखवलं की जवळजवळ प्रत्येक आर्सेनिकला चुंबकत्वही जाणवतं आणि अतिसंवाहकताही. वाटणी नाही, सामायिकच आहे.

चुळबूळ

इथवर चुंबकत्व प्रतिस्पर्धीच दिसतं. मग अतिसंवाहकता नेमकी त्याच्या काठावरच का फुलते? पहिला संशयित होता जुनाच डिंक, अणूंची थरथर. पण तिचा हिशेब करून पाहिला तर लँथेनमच्या संयुगात एखाद-दुसऱ्या केल्विनच्या वर तापमान निघेना. २६ तर लांबच राहिले. त्यामुळे नजर गेली ती चुंबकत्वाच्या दुसऱ्या रूपाकडे. पट्टे पक्के बसलेले नसतात तेव्हाही स्पिन पूर्ण बेशिस्त नसतात. क्षणभर इथे पट्ट्यांची शिस्त जमते, मोडते, तिथे जमते. या चुळबुळीला भौतिकशास्त्रज्ञ स्पिन फ्लक्चुएशन म्हणतात. एका इलेक्ट्रॉनने आजूबाजूच्या स्पिनांत अशी हालचाल उठवायची आणि दुसऱ्याने तिला प्रतिसाद द्यायचा: म्हणजे डिंक अणूंचा नव्हे, स्पिनांचा.

यात एक अडचण आहे आणि तीच या कथेतली सगळ्यात सुंदर जागा. स्पिनांची ही देवघेव नेहमीच्या जोडीसाठी आकर्षण निर्माण करत नाही, उलट ढकलते. मग जोडी कशी जमणार? २००८ मध्येच इगोर मझिन आणि सहकाऱ्यांनी, आणि जपानमध्ये काझुहिको कुरोकी यांच्या गटाने, याचं उत्तर सुचवलं. इलेक्ट्रॉन कुठे आहेत याऐवजी ते कोणत्या संवेगाने जाताहेत याचा नकाशा काढला, तर या पदार्थांत बेटांसारखे तुकडे दिसतात: काही नकाशाच्या मध्यभागी, काही कडेला. मध्यावरून कडेवर जाण्यासाठी जी उडी लागते, ती नेमकी पट्ट्यांच्या नमुन्याशी जुळते. म्हणजे स्पिनांची चुळबूळ इलेक्ट्रॉनांच्या जोडीला मधल्या बेटावरून कडेच्या बेटावर फेकत असते. आता जोडीचं वर्णन एका तरंगाने करतात, आणि त्या तरंगाला अधिक-उणे अशी बाजू असते. ती मधल्या बेटावर अधिक आणि कडेच्या बेटावर उणे असेल, तर ढकलण्याच्या बलाला आणखी एक उणे चिन्ह लागतं, आणि उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. ढकलणंच आकर्षणासारखं काम करू लागतं.

कागदावर हे छानच. पण पुरावा? चिन्ह थेट मोजता येत नाही, त्याचे परिणाम शोधावे लागतात. पोटॅशियमवाल्या बेरियम संयुगात न्यूट्रॉनांनी ऊर्जा मोजत पाहिलं तेव्हा अतिसंवाहकता येताच सुमारे १४ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला स्पिनांच्या हालचालीचा एक जादा उंचवटा उगवला, नेमका पट्ट्यांच्या नमुन्याच्या जागी. दोन बेटांवर चिन्ह उलट असेल तर असा उंचवटा येणं अपेक्षितच असतं; सारखं असेल तर तो समजावून सांगताना बरीच कसरत करावी लागते. २०१० मध्ये जपानमधल्या तेत्सुओ हानागुरी यांच्या गटाने लोह-सेलेनियम-टेल्युरियमच्या पृष्ठभागावर सूक्ष्म सुई फिरवत, चुंबकी क्षेत्र लावून इलेक्ट्रॉनांच्या तरंगांचे नमुने पाहिले. त्यांचाही कौल उलट चिन्हाकडेच होता.

तरी ‘बहुधा’ का? कारण हे सगळे परिस्थितिजन्य पुरावे आहेत. न्यायालयात चालतील असे, पण आरोपीला रंगेहाथ पकडलेला नाही. शिवाय काही पदार्थ या चित्रात बसत नाहीत. पोटॅशियम-लोह-सेलेनियमच्या संयुगात नकाशाच्या मध्यावरचं बेटच नसतं, तरी ते ३० केल्विनच्या वर अतिसंवाहक होतं. त्यावर कडी म्हणजे त्याच नमुन्यात शेजारी-शेजारी एक भाग असा असतो की त्याचं चुंबकत्व ५५० केल्विनच्या वरही टिकतं, दर लोहामागे ३ बोर मॅग्नेटॉनहून जास्त, म्हणजे साध्या लोखंडापेक्षा बळकट. तिथे मात्र दोघांनी खरोखरच जागा वाटून घेतलेली आहे. अतिसंवाहकता वेगळ्या, बारीक भागांतून वाहते.

चौरसाचा आयत कोण करतो

जाळी वाकडी होते ते आधी आणि पट्टे बसतात ते नंतर, हा क्रम वर दोनदा आला. मग वाकडेपणा अणूंमुळे की इलेक्ट्रॉनांमुळे? स्टॅनफर्डच्या इयान फिशर यांच्या गटाचा प्रयोग मला यातला सगळ्यात आवडता. थंड झाल्यावर स्फटिकात दोन प्रकारचे सूक्ष्म तुकडे होतात, काहींचा आयत आडवा, काहींचा उभा, आणि सरासरी काढली की फरक गायब. त्यांनी काही मिलिमीटरच्या स्फटिकाला एका बाजूने छोट्या चिमट्याने हलकं दाबून धरलं आणि मग थंड केलं, म्हणजे बहुतेक सगळे आयत एकाच दिशेने बसतील. मग दोन्ही दिशांनी रोध मोजला. जाळीच्या लांबी-रुंदीत फरक एक टक्क्याहूनही कमी, पण कोबाल्टवाल्या काही नमुन्यांत एका दिशेचा रोध दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. तोही उलट्या बाजूने: अणू जिथे जरा जवळ आहेत आणि स्पिन एकाच दिशेचे आहेत, तिथे रोध जास्त.

एवढासा वाकडेपणा एवढा फरक घडवू शकत नाही. पुढे त्यांनी स्फटिक पीझो पट्टीवर, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर किंचित लांब-आखूड होणाऱ्या पट्टीवर, चिकटवून त्याला अगदी थोडा ताण दिला आणि रोध किती बदलतो ते पाहिलं. जाळी वाकडी होण्याच्या तापमानाकडे जाताना हा प्रतिसाद झपाट्याने वाढत गेला. म्हणजे पुढाकार इलेक्ट्रॉनांचा, जाळी त्यांच्या मागून जाते. या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात. पट्टे उभे की आडवे हे आधी ठरतं, आणि प्रत्यक्ष स्पिन नंतर जागेवर बसतात, असा तिचा एक अर्थ लावला जातो.

लोह-सेलेनियम इथे मुद्दाम खोडी काढायला बसलेलं दिसतं. ९० केल्विनला ते नेमॅटिक होतं, पण साध्या दाबाला त्यात पट्टे कधी बसतच नाहीत. ८ केल्विनला सरळ अतिसंवाहक होतं. दाब दिला की चुंबकत्व येतं, आणि दाब आणखी वाढवला की अतिसंवाहकता ३७ केल्विनच्या आसपास पोचते. २०१२ मध्ये बीजिंगच्या श्वे च्यीखुन यांच्या गटाने स्ट्राँशियम टायटॅनेटवर त्याचा एकच थर वाढवला आणि तिथे साठ केल्विनच्या पुढची चिन्हं दिसली. यात खालच्या ऑक्साइडाच्या थरथरीचाही हात असावा असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे. जुना डिंक आणि नवा डिंक मिळून काम करत असतील, तर मला त्यात वावगं काही वाटत नाही.

आतल्या चुंबकासह

आणखी एक करामत युरोपियमची. बेरियमच्या जागी युरोपियम घातलं आणि आर्सेनिकच्या पाचव्या हिश्श्याच्या जागी फॉस्फरस, तर सुमारे २४ केल्विनला लोहाचे थर अतिसंवाहक होतात आणि १८ केल्विनच्या आसपास युरोपियमचे थर चक्क लोहचुंबक होतात, लोखंडासारखे एकाच दिशेचे. इथे पुन्हा कुलाब्यासारखीच स्थिती: दोन गुणांना दोन वेगळे थर. पण युरोपियमचं क्षेत्र लोहाच्या थरात घुसतंच. बाहेरून कुठलंही चुंबक न लावता अतिसंवाहकात चुंबकी भोवरे, म्हणजे क्षेत्र बारीक नळ्यांतून आत शिरतं तिथे गोल फिरणारे प्रवाह, तयार होतात, आणि २०१८ मध्ये सूक्ष्म चुंबकी सुईने ते प्रत्यक्ष पाहिले गेले.

चुंबकी क्षेत्रापुढे सहज हार न मानणं हा या घराण्याचा व्यवहारातला सर्वांत मोठा गुण. पोटॅशियमवाल्या बेरियम संयुगात अतिसंवाहकता खूप थंडीत ५० टेस्लाच्या पुढेही टिकते, आणि क्षेत्र थराला समांतर असो वा उभं, फारसा फरक पडत नाही. इस्पितळातल्या नेहमीच्या एमआरआयचं क्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला असतं आणि तिथली तार असते नायोबियम-टायटॅनियमची, ९ केल्विनची, द्रव हीलियमवर जगणारी. लोहाच्या संयुगांची भुकटी चांदीच्या नळीत भरून, ओढून, तापवून तारा करता येतात. बीजिंगमध्ये २०१६ साली अशी शंभर मीटरच्या घरातली तार बनली. आर्सेनिक विषारी असल्याने भुकटी हाताळताना बंद पेटीत काम करावं लागतं, आणि एका कणातून दुसऱ्यात प्रवाह अडखळू नये म्हणून अजून बरीच खटपट चालू आहे.

तार न करता नुसती वडी दाबून भाजली तरी चालते. पोटॅशियमवाल्या बेरियम-लोह-आर्सेनिकच्या अशा वड्यांना थंडीत चुंबकी क्षेत्र दिलं आणि बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं, तर आत फिरणारे प्रवाह ते धरून ठेवतात. ५ केल्विनला त्यांनी एक टेस्लाहून जास्त क्षेत्र धरून ठेवलेलं मोजलं गेलं आहे.